थंड घेणार?

मे महिन्यातली टळटळीत दुपार. पुण्याहून मिरजेला निघाले होते, शेजारच्या सीटवर आत्या. साताऱ्याच्या पुढं एका हॉटेलात गाडी थांबवली. आत्याला भजी नको होती, चहा तर नकोच. पंख्याखालची खुर्ची पकडून पदरानं मान पुसत ती म्हणाली, ‘काहीतरी थंड माग.’ टेबल पुसायला आलेल्या पोराला मी दोन थंड आणायला सांगितलं. तो गेला आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आला. बाहेरून घाम फुटलेल्या, चांगल्या गार. आत्यानं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ‘अगं, पाणी विकत घ्यायला बसलोय का आपण?’ पोरगा गडबडला. ‘थंडच आहे आजी, साधं नाही आणलं.’ मग मी खुलासा केला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. ‘कोल्ड्रिंक होय! मग तसं सांगायचं ना मॅडम.’

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. हायवेवरच्या हॉटेलात ‘थंड की साधं?’ हा प्रश्न आता फक्त पाण्याबद्दल विचारतात. बाकी सगळं थंडच असतं, त्याबद्दल विचारायचं काय? पण आत्याला ते लागलं असावं. कराड येईपर्यंत ती गप्प होती आणि मग एकदम म्हणाली, ‘थंड म्हटल्यावर पाणी आणतात म्हणजे कमाल आहे.’ मला पाण्याचं काही वाटलं नव्हतं. खटकलं ते हे, की तो पोरगा याच मुलखातला, मराठी बोलणारा, आणि तरीही आत्या आणि त्याच्यामध्ये मला दुभाषी व्हावं लागलं. तेही साखर घातलेल्या फसफसत्या पाण्यासाठी.

मिरजेला घर असणं म्हणजे घरी सतत पाहुणे असणं. गाव दवाखान्यांचं. इकडून सांगली-तासगाव-जत, तिकडून अथणी-चिकोडी-जमखंडी, सगळीकडचे आजारी लोक उपचाराला मिरजेत येणार, आणि त्यांचे नातेवाईक ओळखीपाळखीनं आमच्याकडं उतरणार. ऑपरेशन झालेल्याला बघायला आलेले लोक दुपारी दमून ओट्यावर टेकले, की आई आतून विचारायची, ‘चहा टाकू, की थंड घेणार?’ या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर होतं: ‘काही नको हो, पाणी द्या.’ ते उत्तर मानायचं नाही, हेही ठरलेलं. पाहुणा जावई असेल, व्याही असेल, नाहीतर पहिल्यांदाच घरात पाऊल टाकत असेल, तर ‘चहा की’ गळून जायचं आणि सरळ थंड यायचं. उन्हाळ्यात चहा विचारणं म्हणजे हात आखडता घेतल्यासारखं व्हायचं.

थंड घरात नसायचंच, ते आणावं लागायचं. फ्रीज होता तो कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानदारानं त्याला साखळीकुलूप लावलेलं. भाऊ पिशवी घेऊन पळत जायचा, रिकाम्या बाटल्या परत आणून देण्याच्या बोलीवर भरलेल्या घेऊन यायचा. वाटेत पिशवीत बाटल्या एकमेकींवर आपटायच्या. त्या आवाजावरून गल्लीला कळायचं की अमक्यांच्या घरी थंड चाललंय, म्हणजे कुणीतरी तसंच आलेलं असणार. ओपनर सापडला नाही तर दाराच्या कडीत अडकवून बूच उडवायचं. बाटल्या माणसांपेक्षा नेहमी कमी असायच्या. त्यामुळं स्टीलच्या पेल्यात ओतून समान वाटा करायचा, फेस बसेपर्यंत थांबायचं, परत थोडं ओतायचं. आम्हा पोरांना शेवटी बाटलीच्या तळाशी उरलेलं मिळायचं. तोवर त्यातला गॅस गेलेला, गारवाही गेलेला. कोमट, गोडमिट्ट, नारंगी पाणी. मला आजही गोल्ड स्पॉट आठवतं ते कोमटच.

पण कोमट असलं तरी ते थंडच होतं.

हा शब्द आपण का धरला असेल, याचा पुढं सबंध प्रवासभर मी विचार करत राहिले. हिंदी मुलखात ठंडा आहे, तिथूनही आला असेल. मला मात्र वाटतं, आमच्यासारख्या घरांना तो सोयीचा पडला, कारण बाकीच्या शब्दांना वास येत होता. ‘बाटली’ म्हणावं तर ती दारूची. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका मतदान करतात, तेव्हा त्यांच्यापुढं चिन्हंच असतात ती उभी बाटली आणि आडवी बाटली. शिवाय आमच्या आजीच्या पिढीत एक शिळा विनोद होता, की बाटलीला बाटली म्हणतात कारण तिच्यातलं प्यायलं की माणूस बाटतो. आजी स्वतः तसलं काही तोंडाला लावायची नाही. ‘कुणी भरलं, कुठलं पाणी, काय ठाऊक’ म्हणायची आणि वाळ्याचं पाणी प्यायची.

‘सोडा’ म्हणावं तर त्याहून पंचाईत. संध्याकाळी सातनंतर एखादा माणूस सोड्याच्या दोन बाटल्या घेऊन घराकडं निघाला, की ओट्यावरच्या बायका एकमेकींकडं बघायच्या. भावाला एकदा आजोबांच्या पोटासाठी सोडा आणायला पाठवलं, तर आईनं वरून सांगितलं, ‘वाटेत कुणी विचारलं तर पोटात गॅस झालाय म्हणून सांग.’ त्यात सोडा हा शब्द मराठी घरात आधीच तिघांनी वाटून घेतलेला. भज्यात घालायचा खायचा सोडा, पांढऱ्या कपड्यांचा धुण्याचा सोडा आणि हा प्यायचा. कोकणातली शेजारीण सुकटीबरोबर सोडे पाठवायची, ते आणखी वेगळेच. आणि पाहुण्यानं नको म्हणताना हात जोडून ‘सोडा हो वहिनी’ म्हटलं, की आमचा भाऊ हमखास विचारायचा, ‘सोडा आणू?’

तरी सोड्यावर माझा जीव होता. मार्केटात लक्ष्मी रंगाच्या, म्हणजे गुलाबी आणि हिरव्या पट्ट्यांच्या एका गाडीवर गोटी सोडा मिळायचा. हिरवट जाड काचेची बाटली, गळ्याला चिमटा काढल्यासारखे दोन खळगे, आत गोटी. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं, हे पुष्कळ उशिरा वाचलं. तेव्हा ती आमच्या मार्केटात जन्मली असंच वाटायचं. बाटली भरताना उलटी धरतात, गोटी गळ्याशी येते, आतला वायू तिला रबराच्या चकतीवर दाबून धरतो. म्हणजे बुचाला बूच म्हणून वेगळं काही लागतच नाही, जे आत कोंडलंय तेच दार लावून घेतं. फोडताना गाडीवाला लाकडी ठोकळा तोंडावर ठेवून तळहातानं दाबायचा. आधी चुर्रर्र, मग गोटी खाली पडल्याचा टणत्कार, आणि नाकात झिणझिण्या आणणारा तो तुषार. पिताना गोटी त्या खळग्यात अडकवायची, म्हणजे ती घरंगळत येऊन वाट अडवत नाही. हे ज्याला जमायचं नाही त्याला आम्ही खेड्यातला समजायचो, आणि जमायचं ते खेड्यातल्यांनाच. ‘सोडा पिऊन आलो’ असं कुणी म्हणायचं नाही, ‘सोडा फोडला’ म्हणायचे. नारळासारखा तोही फोडायचाच. दंगलीच्या बातम्यांत ‘सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा’ हे वाक्य ठरलेलं असायचं. ते वाचून वाटायचं, त्या दिवशी गाडीवाल्याचं किती नुकसान झालं असेल.

साहेबाच्या काळात हेच पाणी ‘विलायती पानी’ होतं. साहेब ते पीत, म्हणून ते विलायतचं. पुढं ते भरणारे हात मात्र इथलेच निघाले, बरेचसे पारशी आणि इराणी. मुंबईत पालनजींची रासबेरी १८६५ पासूनची, ड्यूक्सचा कारखाना १८८९ चा, पुण्याच्या कॅम्पातलं अर्देशीर १८८४ चं. ड्यूक्स हे नाव इंग्रज मालकाचं असेल असं वाटतं, तर तसंही नाही. मालक पांडोळे, क्रिकेटवेडे, त्यांनी चेंडू बनवणाऱ्या विलायती कंपनीचं नाव उचललं. मुंबईचा मामा आमच्याकडं आला की ‘थंड’ म्हणायचाच नाही. तो नावानं मागायचा: ‘मँगोला आहे का?’ मँगोला हे एका पेयाचं नाव आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. आंब्याचं जे जे बाटलीतून येतं ते मँगोला, अशी आमची समजूत. मामाला ती समजूत मुंबईतही तशीच आढळायची, त्यामुळं त्यानं कधी दुरुस्त केली नाही.

जमखंडीकडचे पाहुणे ‘कूलड्रिंक्स’ म्हणायचे, शेवटचा स घट्ट धरून. कृष्णेच्या अलीकडं कोल्ड आणि पलीकडं कूल. दक्षिणेत सगळीकडं कूलच. अमरावतीची मावशी ‘थंडा’ म्हणायची आणि तो ‘बोलवायची’. ‘चार थंडे बोलव’ असं तिनं पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा आई दाराकडं बघायला लागली, कोण आलंय म्हणून. तिकडं चहासुद्धा बोलवतात. मला ते फार आवडायचं. मागवण्यात गिऱ्हाइकाची गुर्मी आहे. बोलवण्यात तसं नाही, बोलावलं तर यायचं की नाही ते चहानं ठरवायचं.

सगळ्यात मोठा घोळ मात्र घरापासून पन्नास किलोमीटरवर होता. कोल्हापूर. तिथं ‘चल, कोल्ड्रिंक घेऊ’ म्हणून चुलतबहिणीनं नेलं आणि समोर आलं ते आटवलेलं गार दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, काजू, टुटीफ्रुटी, आणि चमचा. दूध कोल्ड्रिंक. बुडबुडा औषधालासुद्धा नाही. कोल्हापुरात ‘कोल्ड्रिंक हाऊस’ अशी पाटी दिसली की आत म्हशी आहेत असं समजावं. कोल्ड्रिंक पिणं हा तिथं तालमीतल्या पोराचाही खुराक असू शकतो, आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरची हरकत नसते. बहिणीला मी विचारलं, मग बाटलीतल्याला काय म्हणता? ती म्हणाली, ‘त्याला त्याच्या नावानं म्हणायचं. लिम्का तर लिम्का, थम्सप तर थम्सप. आणि कुठलंबी चालणार असंल तर थंड.’ व्याकरणच सांगितलं म्हणा ना. विशेषनाम ठाऊक असेल तर विशेषनाम, नसेल तर थंड.

पेप्सीचं तर आणखी वेगळं. आमच्या शाळेबाहेर प्लॅस्टिकच्या लांब नळीत गोठवलेलं रंगीत पाणी मिळायचं. टोक दातानं तोडायचं आणि चोखायचं. जीभ जांभळी व्हायची, शेवटी नुसता पांढरा बर्फ उरायचा. त्याला म्हणायचं पेप्सी, किंवा लाडात पेप्सीकोला. मुंबईतही तेच, नगरलाही तेच. खरी पेप्सी भारतात आली १९९० मध्ये, लेहर पेप्सी असं जोडनाव लावून. टीव्हीवर तिची जाहिरात लागली तेव्हा आमच्या वाड्यातल्या एका पोरानं अत्यंत गंभीरपणे विचारलेलं, ‘पेप्सी बाटलीत कशी घातली? वितळली नाही?’ केरळात त्याच नळीला सिप-अप म्हणतात. कुठल्याही कंपनीला एवढी मोठी बदनामी एवढ्या स्वस्तात मिळाली नसेल, आणि तरी पोरांचं त्या नळीवरचं प्रेम पाहता बदनामी तरी कशी म्हणावी?

मदुराईला गेलो होतो तेव्हा हॉटेलातल्या म्हाताऱ्या वाढप्यानं जेवण झाल्यावर विचारलं, ‘कलर?’ मला वाटलं पान विचारतोय. त्यानं बोवोंटोची बाटली आणून ठेवली. गडद जांभळी, द्राक्षाकडं झुकणारी चव. कालिमार्क नावाच्या तिथल्या घराण्याचा हा धंदा १९१६ पासूनचा आहे, आणि तामिळनाडूतल्या जुन्या लोकांना अजून त्याचं भारी अगत्य. तर असं सगळं मिळून तिथं ‘कलर’. दिल्लीकडं गोटीवरून ‘बंटा’. तिकडं अमेरिकेत मिडवेस्टमध्ये, म्हणजे शिकागोकडं, ‘पॉप’. बूच उडतानाच्या आवाजावरून आलेला हा शब्द इंग्रजीत १८१२ पासून सापडतो. जॉर्जिया-अलाबामाकडं सगळ्यालाच ‘कोक’, कारण कोका-कोला १८८६ मध्ये अटलांटात जन्मली. तिथं ‘कोक घेणार?’ ‘हो.’ ‘कोणता?’ ‘स्प्राइट.’ असा संवाद होऊ शकतो आणि कुणी हसत नाही. न्यू जर्सीत मात्र ‘सोडा’. आत्याची नात न्यू जर्सीला असते. एकदा फोनवर ती म्हणाली, ‘आजी, मी पिझ्झा खातेय आणि सोडा पितेय.’ आत्यानं फोन ठेवल्यावर बराच वेळ जपाची माळ सोडली नाही. पोरगी नववीत, रात्रीची वेळ, आणि सोडा. शेवटी मुलीला परत फोन लावून तिनं विचारलंच, ‘नुसता सोडा ना गं?’

म्हणजे पाणी तेच, साखर तीच, वायू तोच. मदुराईनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि रंगाचं नाव दिलं. शिकागोनं ऐकलं. दिल्लीच्या पोरांची नजर गोटीवर गेली. आम्ही बाटलीला हात लावला आणि हात गार पडला, तेच नाव ठेवलं. मला यात आमची गरिबी दिसते, आणि ती मला वाईट वाटत नाही. ज्या गावात चैत्र-वैशाखात माठातलं पाणी हाच गारवा, बर्फ लागला तर भुश्यात गुंडाळून पोत्यातून आणायचा, तिथं काचेपलीकडून बोटांना लागणारी ती थंडी हीच बातमी होती. चव नंतर. चवीचं कौतुक करायला आत्याचं मत विचारून चालणार नाही. ती म्हणते, ‘नावाला थंड, पण उष्ण पडतं हो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांची आग होते.’ तरी कुणी विचारलं की घेते.

मिरजेच्या स्टेशनवर हे थंड मला सर्वांत थंड वाटायचं. गाडी थांबली की बर्फाच्या पाण्यातल्या बाटल्यांची बादली घेऊन पोरं धावायची. हातातला लोखंडी ओपनर ओळीनं बाटल्यांवरून फिरवायची. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत टर्रर्र असा एक झराच वाजायचा, कारण भरलेली, अर्धी आणि रिकामी बाटली वेगवेगळी वाजते. तंतुवाद्यांच्या गावात वाढल्यामुळं असेल, मला ते सतारीच्या तरफा छेडल्यासारखं वाटायचं. खिडकीतून पैसे द्यायचे, गाडी सुटायच्या आत बाटली संपवून परत करायची. घाईत प्यायल्यानं डोळ्यांत पाणी यायचं, मग ढेकर. तो नाकातून यायचा. गाडी हलली तरी बाटली संपली नाही, असा एखादा शांत माणूस आणि खिडकीबरोबर धावणारा, शिव्या घालणारा पोऱ्या, हे दृश्य दर गाडीला. प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी ही धावपळ संपवली. आता बाटली प्रवाशाची, आणि ती रुळांवर.

‘थंड’ हा शब्द असा सगळ्यांचा होता, कुणाच्याच मालकीचा नव्हता. म्हणून तो उचलला गेला. १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात कोका-कोला गाशा गुंडाळून गेली, तिच्या जागी पार्ले कंपनीच्या चौहानांचं थम्स अप आलं आणि खुद्द सरकारनं ‘डबल सेव्हन’ काढलं. ते काही चाललं नाही, सरकारी कचेरीत प्यायल्यासारखं लागायचं म्हणे. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली ती चौहानांची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही सगळी नावं विकत घेऊनच. आणि दहा वर्षांनी आमिर खान टीव्हीवर सांगायला लागला, ‘ठंडा मतलब कोका-कोला’. प्रसून जोशींचे शब्द. लहान बाटली पाच रुपयाला. जाहिरात म्हणून अव्वल, मीही हसून पाहिली. पण ती ऐकताना एक गोष्ट बोचायची. नावं विकत घेतली, पैसे मोजले, ठीक. हा शब्द मात्र कुणाकडूनच विकत घेतला नव्हता. आईनं ओट्यावरच्या पाहुण्याला विचारलेला तो प्रश्न, ज्यात ‘जे असेल ते’ अशी एक मोकळीक होती, त्या प्रश्नाचं उत्तर आता टीव्ही देत होता. लोकांनी यावर काही चळवळ वगैरे केली नाही. त्यांनी फक्त तो शब्द हळूहळू वापरायचा सोडला. तसं जाहिरातीमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. घरोघरी फ्रीज आले, हे खरं कारण असावं. दोन लिटरची बाटली दारातल्या कप्प्यात कायमचीच असेल, तर कुणाला कशासाठी विचारायचं? पाहुणा स्वतःच फ्रीज उघडतो.

आणि त्या हॉटेलातल्या पोरानं पाणी आणलं याचाही एक धागा इथंच आहे, तो मला नंतर सुचला. चौहानांनी ती पेयं विकली, पण पाणी विकलं नाही. बिसलेरी हे इटालियन नाव त्यांनी १९६९ मध्ये घेतलं होतं, ते स्वतःकडं ठेवलं. तेव्हा पाणी कोण विकत घेणार, असं लोक म्हणायचे, आत्यासारखेच. आज कुठल्याही कंपनीच्या पाण्याला खेड्यापाड्यात बिसलेरी म्हणतात, लग्नातल्या पंगतीत वाढपी ‘बिसलेरी, बिसलेरी’ करत फिरतो. थंड हा शब्द चौहानांच्या एका दुकानातून निघून त्यांच्याच दुसऱ्या दुकानात गेला म्हणायचा.

सरकारचा स्वतःचा शब्द वेगळाच आहे. जीएसटीच्या तक्त्यात याला ‘एरेटेड वॉटर’ म्हणतात, हवा भरलेलं पाणी. विलायती पानी गेलं, हे त्याच्या जागी आलं. आधी २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून थेट ४० टक्के. तंबाखू, पानमसाल्याच्या पंक्तीला बसवलंय. साखर नसलेल्या साध्या सोड्याला मात्र पाण्याबरोबर ५ टक्के. म्हणजे ज्या सोड्याला आमची गल्ली दारूच्या शेजारी बसवत होती तो कायद्यानं पाण्याशेजारी बसवला, आणि जावयापुढं ठेवायचं ते थंड पापाच्या रांगेत गेलं. हे आईला सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, ‘मग रासबेरी कशात?’ कशात असणार? साखर आहे ना तिच्यात.

गेल्या उन्हाळ्यात जतकडं एका लग्नाला जाताना तहान लागली म्हणून फाट्यावरच्या टपरीसमोर थांबलो. पत्र्याची टपरी, समोर काचेचा उभा फ्रीज, लाल रंग उडालेला. आत नव्यानं आलेल्या कॅम्पा कोलापासून सांगलीच्या आसपास कुठंतरी भरलेल्या जिरा सोड्यापर्यंत सगळं होतं. आमच्या पुढं शेतमजूर बायकांचा एक घोळका होता. त्यातली एक म्हणाली, ‘भाऊ, पाच दहावाल्या द्या.’ दुसरी म्हणाली, ‘मला वीसवाली. एकच, आम्ही दोघी पितो.’ कुणीही नाव घेतलं नाही, रंग सांगितला नाही, थंड म्हटलं नाही. दुकानदारानं हाताला लागतील त्या पाच छोट्या बाटल्या काढून दिल्या. एक काळी, दोन नारंगी, दोन पांढऱ्या. बायकांनी त्या न बघता वाटून घेतल्या. मग आमचा नंबर आला. मी आत्यासाठी म्हणून जुन्या सवयीनं विचारलं, ‘थंड आहे का हो?’

‘सकाळपासून लाइट नाही ताई,’ तो म्हणाला. ‘कितीवाली देऊ?’